कोमट इंजिनाचा भाव

फार फार पूर्वी, एका खाडीच्या काठी, एका मुलीने सकाळी उठून इंजिनावर हात ठेवला आणि ती दचकली.

तशी ती कशालाही दचकायची. घरात झाकण पडलं तरी दचकायची, मागून कोणी नुसतं "अगं" म्हटलं तरी दचकायची. रोज सकाळी ती बापाची होडी पुसायला जायची, तेव्हा होडीच्या मागे अडकवलेलं ते इंजिन हाताला थंडगार लागायचं, आणि त्यालाही ती रोज दचकायची. आज ते थंड लागलं नाही. कोमट लागलं, कोणी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणासारखं. आज तिला त्याची भीती वाटली.

इतक्या पूर्वी इंजिन कुठलं, असं कोणी विचारेल. पण त्या राज्यात होतं. गोष्टीतल्या राज्यांत काही वस्तू जरा लवकर येतात.

तर मुलगी विचार करू लागली. कालपासून होडी पाण्यात गेली नव्हती. ऊन अजून वर आलं नव्हतं, खाडीवर धुकं होतं. मग इंजिन कोमट कसं? ती घराला वळसा घालून मागे गेली. तिथे पाण्याने भरलेलं एक पिंप होतं, आणि पाण्यावर तेलाचा तवंग इंद्रधनुष्यासारखा चमकत होता. त्या पिंपात इंजिनाचा पंखा बुडवून कोणीतरी ते चालवलं होतं, आणि मग पुसून परत होडीला लावून ठेवलं होतं.

"बाबा," तिने विचारलं, "तुम्ही पहाटे इंजिन चालवलंत?"

बाप नावाडी होता. आयुष्यभर त्याने माणसांना या तीरावरून त्या तीरावर नेलं होतं. पण राजाने खाडीवर पूल बांधला, आणि होडीत बसायला कोणी उरलं नाही. आता त्याला बैलगाडी घेऊन पुलावरून माल न्यायचा होता. गाडी जुनी एक मिळाली होती, बैल मिळायचे होते. म्हणून इंजिन विकायचं होतं.

"चालवलं," बाप म्हणाला. "गार असलं की ते रुसतं, हे तुला ठाऊक आहे. गिऱ्हाइकासमोर काय दोरी ओढत बसू?"

"पण गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर ते गार होईलच की."

"तिथे ते त्याचं."

मुलगी होडी पुसू लागली. पण डोक्यातला विचार गप्प बसेना. कालच ती बापाच्या मागोमाग गावभर हिंडली होती, कारण जुन्या इंजिनाला भाव काय सांगायचा हे बापाला कळत नव्हतं.

लोहार म्हणाला, "वजन कर. लोखंड आहे, लोखंडाच्या भावाने जाईल."

तेलाचा दुकानदार म्हणाला, "नव्याच्या निम्मं. जुनं ते निम्मं, मग काल जुनं झालेलं असो नाहीतर मागच्या जन्मी."

शेवटी बाप वाटेतच थांबला आणि म्हणाला, "मला बैलजोडी हवी. म्हणजे भाव बैलजोडीइतका."

"पण आपल्याला बैल हवेत हे इंजिनाला कुठे माहीत आहे?" मुलीने विचारलं होतं.

"इंजिनाला विचारतंय कोण?" बाप म्हणाला होता.

तेव्हापासून तिला एकच कोडं पडलं होतं. भाव असतो कुठे? लोखंडात, दुकानात, की विकणाऱ्याच्या गरजेत? आणि त्या रुसण्याचं काय? त्याचा भाव कोणीच धरला नव्हता.

एवढ्यात गिऱ्हाईक आलं. खाडीच्या मुखाशी एक छोटं बेट होतं, तिथला तरुण. आपली होडी वल्हवत आला होता, आणि घामाने भिजला होता.

"काका, मला देखणं इंजिन नको," तो म्हणाला. "दोरी ओढली की चालू झालं पाहिजे, एवढंच. बायकोचे दिवस भरत आलेत. बेटावर सुईण नाही. वल्ह्यांनी आणायची तर भरतीची वाट बघावी लागते, आणि बाळ काही भरती बघून येत नाही."

"तूच ओढ की दोरी," बाप म्हणाला.

तरुणाने दोरी ओढली. इंजिन एका ओढीत चालू झालं. तरुण असा हसला, की जणू बाळाचं पहिलं रडणंच ऐकलं.

मुलीने तोंड उघडलं. बापाने तिच्याकडे पाहिलं. "बाय, पाहुण्यांना पाणी आण," तो म्हणाला.

ती पाणी घेऊन आली, तोवर भाव ठरला होता. बापाने बैलजोडीचा भाव सांगितला, आणि तरुणाने घासाघीससुद्धा केली नाही. दोघांनी मिळून इंजिन त्याच्या होडीला लावलं. मग त्या काठाची रीत होती, ती पाळली. जो इंजिन विकत घेतो, त्याने आपली वल्ही विकणाऱ्याच्या दारी टेकवायची. वल्ही टेकली की सौदा पक्का, मग शब्द मागे घ्यायचा नाही. तरुणाने आपली दोन्ही वल्ही भिंतीला टेकवली, त्यांच्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाला, "खूप राबलात."

"जपून जा," बाप म्हणाला.

"मुखाशी जाळं लावलंय, तेवढं जाताना काढतो. आता काय घाई, वल्ही थोडीच मारायचीत." असं म्हणून तो धुक्यात गेला. फटफट आवाज लहान होत होत ऐकू येईनासा झाला.

मुलगी पाण्याचा तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिली. तांब्याला तिचा हात लागून लागून तो कोमट झाला होता. तिने तो खाली ठेवला. थोड्या वेळाने उचलून पाहिला, तर गार.

"बाबा," ती म्हणाली, "पिंपात इंजिन कधी चालवलंत?"

"कोंबडं आरवलं तेव्हा. का?"

"मी उठले तेव्हा ते कोमट होतं. म्हणजे तेवढ्यात बरंच निवलं होतं. तो जाळं काढायला इंजिन बंद करणार ना?"

"करणारच. चालू ठेवलं तर जाळं पंख्यात जाईल."

"आणि जाळं काढायला वेळ किती लागतो?"

बाप उठून काठाशी आला. त्याने पाण्याकडे पाहिलं. काठावरचा चिखल उघडा पडू लागला होता. ओहोटी लागली होती. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा होता, त्यावर लाटा फुटायच्या, आणि ओहोटीचं पाणी जे सापडेल ते तिकडेच ओढून न्यायचं.

"ते पुरतं गार व्हायला लागेल तेवढा," बाप हळू म्हणाला. मग त्याने भिंतीकडे पाहिलं. "आणि त्याची वल्ही इथे आहेत."

त्याने ती वल्ही उचलली. घरात दुसरी नव्हतीच. त्याची स्वतःची वल्ही त्यानेही कधीकाळी रीतीप्रमाणे दुसऱ्याच्या दारी टेकवली होती. दोघं होडीत बसली. कितीतरी वर्षांनी बाप वल्हवत होता, आणि खांदा कुरकुरत होता.

धुक्यात नाकासमोरचं दिसेना. मुलीला पाण्याच्या प्रत्येक चुळुक आवाजाला दचकायला होत होतं.

"हाक मार," बाप म्हणाला.

"मी? माझा आवाज इथून तिथे जात नाही. तुम्ही मारा."

"मी कोणत्या तोंडाने मारू?"

तिने हाक मारली. "दादा." आवाज होडीबाहेर पडला की नाही, तिचं तिलाच कळलं नाही. पुन्हा मारली. उत्तर नाही. पुढे लाटा फुटल्याचा आवाज येऊ लागला.

"बाबा, खरं सांगितलं तर भाव कमी होईल?"

"एक बैल जाईल," बाप म्हणाला. वल्हं मारता मारता त्याला धाप लागली होती. "जोडीतला एक गेलाच समज."

"दुसरा राहील?"

"तो पोरगा सापडला तर."

"आणि एका बैलाने गाडी चालते?"

"शेजाऱ्याचा मागून जुंपीन. तू हाक मार."

मुलगी होडीत उभी राहिली. आयुष्यात ती कधी होडीत उभी राहिली नव्हती. तिने छाती भरून हवा घेतली, आणि या वेळी नुसती हाक मारली नाही.

"दादा, ते इंजिन गार झालं की चालू होत नाही. मागच्या पावसाळ्यापासून होत नाही. आज पहाटे पिंपात चालवून गरम केलं होतं. आम्हाला ठाऊक होतं, आणि आम्ही सांगितलं नाही."

ते शब्द धुक्यावरून दोन्ही तीरांना गेले. काठावर मासळी निवडणाऱ्या बायकांनी ऐकले, लोहाराने ऐकले, दुकानदाराने ऐकले. आता ते इंजिन त्या खाडीत बैलजोडीला कोणीही घेणार नव्हतं. बापाने मान खाली घातली, पण वल्हं थांबवलं नाही.

लाटांचा आवाज मोठा झाला. मुलगी कान देऊन उभी राहिली. पुन्हा तेच शब्द, पहिल्यापासून, एकही न गाळता, तिने धुक्यात टाकले.

आणि डाव्या हाताला, अगदी जवळून, एक दमलेला आवाज आला:

"तेवढं मला कळलंय, बाय. जाळ्याच्या खुंटाला धरून बसलोय. वल्ही घेऊन या, आणि त्या इंजिनात आणखी काय काय आहे तेही सांगा, मग भावाचं नव्याने बोलू."

तात्पर्य: जुन्या वस्तूचे सगळे दोष सांगून झाल्यावर जो उरतो, तोच तिचा खरा भाव.