नाहीतर

मंगळवार, दुपारचे चार. तालुक्याच्या तंत्रनिकेतनातली संगणक प्रयोगशाळा. टेबलावर लॅपटॉप, भोंगा आणि पाण्याने भरलेली बादली.

"सर, आता तरी 'हो' म्हणा! पाचला साहेब येणार, तलावावर फीत बांधून झालीय!"

रेवती शेलारचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. आयुष्यातला पहिलाच प्रोग्रॅम, आणि तो थेट तलावावर बसणार. उद्घाटनाची वेळ ठरली होती. तपासणी मात्र कुणालाच सुचली नव्हती. म्हणून ती काझी सरांकडे धावत आली होती.

"वाच."

"पाणी खुणेच्या वर गेलं, तर भोंगा. नाहीतर पडद्यावर हिरवं, 'सर्व सुरक्षित'. संपलं! दोन ओळींत अख्खी खालची वस्ती वाचते, सर."

तिने पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर बादलीत बुडवला. भोंगा असा कोकलला की बाहेरची पोरं दारात जमली. टाळ्या पडल्या. रेवतीने ऐटीत मान झुकवली.

काझी सर उठले. सेन्सर पाण्यातच राहू दिला आणि लॅपटॉपकडे येणारी त्याची वायर उपटली.

भोंगा बंद.

पडदा हिरवा झाला.

"सर, ही चीटिंग आहे!"

"पाणी कुठे आहे?"

"खुणेच्या वर."

"तो काय म्हणतोय?"

"...सुरक्षित."

"त्याला कुणी सांगितलं?"

रेवतीने वायरीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं.

"कुणीच नाही... कुणीच सांगितलं नाही, म्हणून तो 'नाहीतर'मध्ये गेला!"

ती खुर्चीवर जवळजवळ आदळलीच. बोटं धावू लागली. सेन्सरकडून काहीच आलं नाही, तर...

बोटं थांबली.

"तर काय लिहू, सर?"

"वस्तीत तुझं कोण राहतं?"

"मावशी."

रेवतीने लिहिलं: तर भोंगा. वायर तशीच लोंबत होती, आणि भोंगा पुन्हा कोकलला. दारातल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"पण सर," ती आवाज चढवून म्हणाली, "उंदराने वायर कुरतडली तरी वाजेल! लोक उगाच पळतील, मला शिव्या घालतील!"

"घालू देत."

"आणि खरोखरच्या तलावावर अशी वायर तुटते कधी?"

काझी सरांनी भोंगा बंद केला. लोंबणारी वायर हातात घेतली.

"गेल्या श्रावणात वस्तीत पाणी शिरलं, तेव्हा तलावावरचा पडदा हिरवाच होता. तो प्रोग्रॅम कुणी लिहिला, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही."