म्हादू, भुंडी आणि अर्धी धार

एका गावात एक भोळा तरुण होता. नाव म्हादू. त्याला सांगितलेलं सगळं कळायचं. कुठे वापरायचं, तेवढं कळायचं नाही.

त्याला आईबाप नव्हते. ठकूआत्याने वाढवलं. घरात आत्या, म्हादू आणि भुंडी. भुंडी म्हणजे शेळी. तिला शिंगं नव्हती, पण राग होता.

म्हादूचं लग्न व्हावं, एवढीच आत्याची इच्छा होती. शेजारच्या गावच्या तात्याबांची हौसा तिने मनात धरली होती. हौसाने म्हादूला बाजारात पाहिलं होतं. तिची ना नव्हती. तात्याबांचं मात्र काही सांगता येत नव्हतं.

त्या साली भुंडी व्याली. करडाचे पहिले दिवस सरले तसं आत्याने एका सकाळी धार काढली आणि लोटा तसाच म्हादूपुढे धरला. म्हादूने आजवर कोराच चहा प्यायला होता. त्याने लोटा तोंडाला लावला.

दूध कोमट होतं. शेळीच्या अंगाइतकंच कोमट. वर फेस होता, तो ओठांवर बसला. चव गोड, आणि गोडाच्या मागून बाभळीच्या शेंगांचा हलकासा तुरटपणा आला. भुंडी काल ज्या माळावर चरली होती, तो अख्खा माळ म्हादूच्या घशातून खाली उतरला. म्हादूने लोट्याचा तळ बोटाने पुसून चाटला.

मग म्हणाला, "आत्या, हे आजवर कुठे होतं?"

"शेळीत."

"आणि एवढं चांगलं का लागतं?"

"धारोष्ण आहे म्हणून. तापवायचं नाही, थांबायचं नाही. निघालं की प्यायचं."

म्हादूने मान डोलावली. कळलं.

दुसऱ्या दिवशी तो हॉटेलात गेला. हॉटेलवाल्याने किटलीतून चहा ओतला. निघाला की प्यायचा, म्हणून म्हादू प्यायला. जीभ भाजली. बोंबलत घरी आला.

"अरे म्हाद्या," आत्या म्हणाली, "गरम असेल तर आधी फुंकर मारावी."

म्हादूने मान डोलावली. कळलं.

सकाळी तो धार काढायला बसला. भुंडीच्या कासेला हात लावून पाहिला. गरम होती. म्हणून त्याने फुंकर मारली. भुंडीने लोट्याला लाथ घातली आणि कुंपणावरून पलीकडे गेली.

"अरे, कासेवर फुंकतात का?" आत्याने कपाळाला हात लावला. "दारात आली की आधी पाठीवरून हात फिरवायचा. पाला पुढे धरायचा. 'ये गं बाय' म्हणायचं. मग पुढचं."

म्हादूने मान डोलावली. कळलं.

दुपारी दारात तात्याबा आले. मुलगा बघायला आले होते. म्हादूने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. शेवरीचा डहाळा त्यांच्या तोंडापुढे धरला. म्हणाला, "ये गं बाय."

तात्याबांनी डहाळ्याकडे पाहिलं. "हे काय?"

"आधी पाला. मग पुढचं."

"पुढचं काय?"

म्हादू लोटा आणायला वळला. तेवढ्यात आत्या धावत आली. तिने तात्याबांना बसवलं, भुंडीची धार काढली आणि लोटा त्यांच्या हातात दिला. तात्याबा प्यायले. कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या.

"दूध झकास आहे," ते उठताना म्हणाले. "मुलाचं बघू."

ते गेल्यावर आत्या म्हणाली, "अरे, आलेल्याला राम राम करावा. पाय धुवायला पाणी द्यावं. बसायला घोंगडी टाकावी."

म्हादूने मान डोलावली. कळलं.

संध्याकाळी भुंडी चरून आली. म्हादूने तिला राम राम केला, तिचे चारही पाय धुतले आणि तिला घोंगडीवर बसवलं. भुंडीने घोंगडीची दशी खाल्ली. दूध दिलं नाही.

आत्या रागावली नाही. रागवायचं तिच्याकडे आता उरलं नव्हतं. तिने त्याला शेजारी बसवलं आणि सावकाश सांगितलं, "हे बघ, ती परक्याला देत नाही. माझं लुगडं पांघरून जा. ओळखीचं लुगडं दिसलं की देते. आणि मिळतंय म्हणून सगळं घ्यायचं नाही. अर्धं मागे राहू द्यायचं, करडाला. मागे ठेवलं तर उद्या पुन्हा देते."

म्हादूने आत्याचं लुगडं पांघरलं. भुंडीने त्याला हुंगलं आणि उभी राहिली. लोटा फेसाने भरला. अर्धं करडाला राहिलं.

त्या दिवशी पहिल्यांदाच म्हादूचं सगळं बरोबर झालं. तेच वाईट झालं.

आत्याचा धीर वाढला. म्हणाली, "उद्या भुंडीला घेऊन तात्याबांकडे जा. त्यांच्या दारात धार काढ आणि पाज. दुधाने माणूस विरघळतो. पण सांभाळून. परक्याला सहजी मुलगी देणारा तो माणूस नव्हे."

परक्याला देत नाही. मग काय करायचं ते म्हादूला माहीत होतं.

तात्याबा ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. म्हादूने आत्याचं लुगडं पांघरलं, धार काढली, निघालं की प्यायचं म्हणून आधी स्वतः एक घोट घेतला आणि लोटा त्यांच्या हातात दिला. तात्याबांनी डोळे मिटले आणि सावकाश प्यायला लागले.

कुंपणावर तात्याबांच्या बायकोचं हिरवं लुगडं वाळत होतं. म्हादूने आत्याचं उतरवलं, घडी केली, बाजूला ठेवलं. हिरवं पांघरलं. डोक्यावर पदर घेतला आणि तात्याबांच्या शेजारी जाऊन बसला.

तात्याबांनी डोळे किलकिले केले. हिरवा पदर दिसला. परत मिटले.

"काय गं," ते म्हणाले, "पोरगा जरा येडा आहे. पण असं दूध आहे घरात. आपली पोर उपाशी नाही राहायची."

"मग देता?" म्हादूने हळूच विचारलं.

"दिली म्हण."

तेवढ्यात दारातून आवाज आला, "अगंबाई, माझं लुगडं!"

तात्याबांनी डोळे उघडले. बायको दारात होती. बायकोचं लुगडं शेजारी होतं. लुगड्यात फेसाची मिशी होती. तात्याबांनी कोपऱ्यातली काठी उचलली.

आईच्या मागे हौसा उभी होती. हसून हसून तिने चौकट धरली होती. "बाबा, दिली म्हणालात. मी ऐकलं."

"मी तुझ्या आईला म्हणालो!"

"म्हणालात ना पण. आणि मला चालतोय. बाजारात सगळे आपापल्या शेळीला ओढत होते, हा एकटा तिच्याशी बोलत होता."

तात्याबांनी लेकीकडे पाहिलं. म्हादूकडे पाहिलं. लोट्यात पाहिलं. लोट्यात एक घोट उरला होता. तो त्यांनी संपवला, मिशा पुसल्या आणि काठी खाली ठेवली.

"बरं," ते म्हणाले. "दिली."

आनंदाने म्हादूच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याला आत्याचं बोलणं आठवलं. त्याने पदर सावरला, हात जोडले आणि म्हणाला,

"सगळी नको, तात्या. अर्धी राहू द्या. म्हणजे उद्या पुन्हा द्याल."