एक मिस्ड कॉल, एक जार

तासगावच्या नलूमावशींच्या दुकानातून मी गिऱ्हाइकांना पाण्याचे जार पोचवतो. हे काम एकदा जाणार होतं, ते मावशींच्या हुशारीनं राहिलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तेव्हा फोनवर बोलण्याचे मिनिटाला पैसे पडत. मंगल कार्यालयाचे मालक दादासाहेब खराडे स्वतः कधी बोलण्यासाठी फोन करत नसत. ते मिस्ड कॉल देत आणि आम्ही उलट फोन केला की जार सोडून राजकारणावर अर्धा तास बोलत. बिल एवढं वाढलं की मावशी म्हणाल्या, "भैरू, आता तुझा पगार देऊ की फोनचं बिल भरू?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी प्रत्येक जारवर चिठ्ठी चिकटवली, 'एक मिस्ड कॉल म्हणजे एक जार. उलट फोन येणार नाही.' गिऱ्हाइकं खूश झाली, त्यांचेही पैसे वाचले.

दादासाहेबांनी मात्र चिठ्ठी वाचलीच नाही. कार्यालयात लग्न होतं. त्यांनी सवयीनं मिस्ड कॉल दिला. उलट फोन येईना, म्हणून चिडून देतच राहिले. मी जार नेत राहिलो आणि वऱ्हाडी पाणी पीत राहिले.

संध्याकाळी ते दुकानात येऊन गरजले, "एवढे जार कुणी मागवले? मला फक्त बोलायचं होतं!"

मावशी हात जोडून म्हणाल्या, "दादासाहेब, ज्याला बोलायचं असतं तो समोरच्यानं उचलेपर्यंत थांबतो. तुम्ही दर वेळी आधीच फोन कापलात. मला वाटलं, पाव्हण्यांना फार तहान लागलीय."

दादासाहेबांनी सगळ्या जारचे पैसे मोजून दिले. तेव्हापासून त्यांच्या फोनची रिंग आम्ही उचलेपर्यंत वाजते.