मोरीकाठचे टमाटे

"सरकार, चोरी! दिवसाढवळ्या चोरी!" रंभाजी माळी बोंबलतच आला आणि हातातली टोपली त्याने गजेंद्रराजांच्या पुढ्यात आदळली.

टोपलीत टमाटे होते. लालभडक, लांबट, हातात घेतले तर चांगले जड!

राजांचे डोळेच पांढरे झाले. असले लांबट टमाटे तांबडवाडी संस्थानात फक्त राजवाड्याच्या बागेत पिकायचे. त्यांचं बी राजांनी खास विलायतेहून मागवलं होतं आणि दुसऱ्या कोणी ते लावायचं नाही, अशी दवंडीही पिटली होती. असा हट्टी माणूस! एकदा नाही म्हटलं की साक्षात ब्रह्मदेव आला तरी नाही!

"कुणाच्या परसातले हे?" राजे कडाडले. त्यांच्या पुढच्या दोन दातांत ही एवढी फट होती. त्यामुळे रागावले की शब्दाबरोबर बारीक शिट्टी वाजायची.

"तुळसाबाईच्या! आपली भांडी घासते ना, तीच. तिच्या मोरीकाठी चार झाडं आहेत. चार!"

रंभाजीचं खरं दुखणं निराळंच होतं. तो वाड्यातल्या झाडांना दिवसातून तीनदा पाणी पाजायचा. टमाटे फुगायचे, तडकायचे, आणि कापले की नुसतं पाणी! वाड्यातलं सार इतकं पातळ व्हायचं की वाटीचा तळ दिसायचा. तुळसाबाईचा टमाटा मात्र कापला की आत गरच गर. जरा चुलीवर ठेवला की घट्ट चटणी तयार! तिचा वास वाड्यापर्यंत यायचा आणि रंभाजीचा जळफळाट व्हायचा.

तुळसाबाई पदराला हात पुसत हजर झाली. तिचं घर वाड्याच्या मागच्या भिंतीला लागूनच होतं, आणि वाड्यातली भांडी वर्षानुवर्षं तिच्याच मोरीवर घासली जात होती.

"बी कुठून चोरलंस?"

"चोरलं नाही, सरकार. पेरलंही नाही. आपोआप उगवलं."

"आपोआप? ऐकलंस का रंभाजी? उद्या हिच्या परसात आपोआप हत्ती उगवेल!" राजांची शिट्टी जोरात वाजली. "मग इथे उगवून दाखव! या माझ्या अंगणात! बी पेरायचं नाही, रोप लावायचं नाही, मातीला बोटसुद्धा लावायचं नाही. महिन्याभरात टमाट्याचं रोप दिसलं नाही, तर तुझी झाडं उपटीन आणि तुला संस्थानाबाहेर हाकलीन!"

नवरी होऊन तुळसाबाई ज्या घरात आली, तीन लेकींची बाळंतपणं जिथे केली, ते घर सोडून या वयात जायचं कुठे? पण रडत बसणारी बाई ती नव्हे.

"आणि उगवलं तर, सरकार?"

"तर पेरणारा हुडकून काढीन आणि तुझ्याऐवजी त्याला हाकलीन! आपोआप काही उगवत नसतं!"

"राजशब्द?"

"राजशब्द!"

"मग एकच मागणं. सरकारांचं ताट तेवढं या अंगणात घासू द्या. काम बुडणार नाही, आणि मी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहीन."

"घास की! ताट घासून कुठे रोपं उगवतात?" राजे खदखदून हसले.

दुसऱ्या दिवसापासून तुळसाबाई अंगणात येऊ लागली. रंभाजी आधी तिची ओटी झाडून बघायचा, मग भांड्यांची राखसुद्धा चाळून द्यायचा. ती दगडावर बसून ताट घासायची. धुतलेलं पाणी वाहत वाहत सोनचाफ्याच्या कडेला जिरायचं. रंभाजी समोरच मांडी ठोकून बसलेला असायचा.

"काय तुळसाबाई, आज काय उगवलं?"

"तुमची दाढी, रंभाजीभाऊ! बाकी काही नाही!"

आणि विसाव्या दिवशी पाहावं तर सोनचाफ्याच्या कडेला सात कोवळी रोपं! रंभाजीने एक पान चुरगाळून नाकाशी नेलं आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. "टमाटाच आहे, सरकार."

राजे सज्जातून धावतच खाली आले. "कोणी पेरलं? नाव सांग! आजच्या आज हाकलतो त्याला!"

"नक्की ना?" तुळसाबाईने विचारलं.

"राजशब्द आहे माझा!"

"मग सरकार, बोचकं बांधायला घ्या!"

तुळसाबाईने ताट राजांपुढे धरलं. मग शांतपणे म्हणाली, "टमाट्याच्या कोशिंबिरीतलं बी दातांच्या फटीत अडकतं, म्हणून रोज एकेक वेचून ताटाच्या काठाला कोण लावतं? ते ताट माझ्याकडे येतं. धुतलं की बी पाण्याबरोबर मातीत जातं. माझ्या मोरीकाठी तुम्हीच पेरलंत, इथेही तुम्हीच पेरलंत. मी आपली पाणी घालणारी!"

राजांची जीभ नकळत दातांच्या फटीकडे गेली. त्यांनी रोपांकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि असे हसत सुटले, असे हसत सुटले, की शिट्टी थांबेचना!

"हरलो, बाई! पण राजशब्द मोडायचा कसा? मला संस्थानाबाहेर तर गेलंच पाहिजे!" डोळे पुसत राजे म्हणाले. "लिहून घ्या रे! तुळसाबाईचं घर आणि परस तिला कायमचं इनाम. आजपासून ती जागा संस्थानाबाहेर! तिथे माझा कुठलाही हुकूम चालणार नाही. आणि रंभाजी, उद्यापासून झाडांना पाणी किती घालायचं, ते हिला विचारून घालायचं!"

"आणि सरकार कुठे निघाले?" रंभाजीने रडवेल्या आवाजात विचारलं.

"हद्दपारीला!" म्हणत राजे थेट तुळसाबाईच्या परसात जाऊन पाटावर बसले. "बाई, हद्दपार माणसाला जेवायला काय मिळतं इथे?"

"गरम भाकरी आणि टमाट्याची घट्ट चटणी!" तुळसाबाईने ताट पुढे सरकवलं. "बिया मात्र ताटाच्या काठालाच लावा हं, सरकार. पुढच्या हंगामाची पेरणी व्हायचीय!"