घामाचा जोडीदार

गावात वीज नव्हती, डांबरी रस्ता नव्हता, आणि वरच्या तलावाची पाळ नुसत्या मातीची होती, तेव्हाची ही गोष्ट. मांडुळवाडीला तेव्हा एक तालीम होती. भिंती दगडी, दार बुटकं. आत जाताना मान वाकवावीच लागे. आत लाल मातीचा हौद होता. त्या मातीत ताक, हळद आणि तेल मुरलेलं असे. बाहेर अंगणात एक काळी शिळा होती, गुळगुळीत, माणूस आडवा झोपेल एवढी. तालमीत आरसा नव्हता. अंग बघत बसणाऱ्याला तिथे कोणी उभं करत नसे.

त्या तालमीचे वस्ताद मलगोंडा. त्यांना गाव अजून विसरलेलं नाही.

वस्ताद तरुण होते तेव्हा त्यांची जोड होती जिन्नाप्पाशी. जोड म्हणजे रोजच्या लढतीचा सोबती. दोघे एकाच वयाचे, एकाच वजनाचे. पहाटे दोघे मिळून हौद खणत, एकमेकांच्या अंगाला तेल चोळत, मग कुस्ती धरत. दमले की एकाच तांब्यातलं दूध पीत. जिन्नाप्पाचा डावा खांदा जरा उतरता होता. त्यावरून तो लांबूनही ओळखू येई.

मग प्लेगचं साल आलं. गावानं रानात झोपड्या घातल्या. जिन्नाप्पा झोपडीतून परत आला नाही.

गाव घरी परतलं तेव्हा मलगोंडा हौदाशी उभे होते, लंगोट कसून, एकटेच. बाकीचे पैलवान म्हणाले, "आम्ही येतो जोडीला."

"माझी जोड झालेली आहे," मलगोंडा म्हणाले.

त्या दिवसापासून ते हौदात उतरले नाहीत. पोरांना शिकवायचे ते काठावर उभं राहून. स्वतः मात्र पहाटे शिळेवर जोर मारायचे. हात टेकून, छाती शिळेला लागेल अशी खाली नेऊन वर. ते मोजत नसत. अंगातून घाम ठिबकायचा आणि खाली शिळेवर पसरायचा. आधी छातीचा डाग, मग मांड्यांचा, मग डोक्याचा. असा पुरा माणूस उमटला की ते थांबत.

एके दिवशी त्यांनी उठून खाली पाहिलं. शिळेवरच्या ओल्या माणसाचा डावा खांदा उतरता होता.

वस्ताद शिळेच्या कडेला मांडी घालून बसले. बदामाची थंडाई आली ती अर्धी प्यायले आणि अर्धी त्या माणसाच्या उशाशी ठेवली. ऊन वर आलं, तो माणूस वाळला, तेव्हा ते उठले. मग रोज असंच. पुसायचं नाही, ओलांडायचं नाही. तो वाळेपर्यंत तालमीत कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. वाऱ्याची झुळूक आली की शिळेवरची छाती हलायची, असं म्हणतात.

बरीच वर्षं गेली तरी गाव थट्टा करायचंच. पाण्याला जाणारी चंद्राक्का तर रोज. ती विधवा बाई, चार पोरांची आई, जिभेला धार.

"काय वस्ताद, आज पाव्हणा लवकर उठला?"

"ऊन कडक आहे, अक्का."

"मग छत्री धरा की! एवढी थंडाई पाजता, एक दिवस माझी कळशी तरी उचलू दे त्याला."

पोरं हसायची. वस्ताद हसत नसत, पण रागवतही नसत. त्यांना एवढंच हवं होतं. सकाळचा तेवढा वेळ जिन्नाप्पा त्यांच्या समोर असायचा.

मग एका वर्षी हस्ताचा पाऊस लागला तो थांबेना. तलाव काठोकाठ भरला. एका सकाळी ओरडा झाला, पाळ फुटली. पाणी सोडायच्या मोरीजवळची माती वाहून खिंडार पडलं होतं आणि खाली सगळं गाव होतं. माणसं मातीच्या पाट्या ओतत होती. पाणी पाटीसकट ओढून नेत होतं. दगड टाकले, ते बोरांसारखे वाहून गेले.

पाटील धावत तालमीत आले. पावसाळ्यापुरतं छप्पर घातलेल्या शिळेवर वस्ताद जोर मारत होते. खाली माणूस नुकता उमटला होता.

"वस्ताद, शिळा पाहिजे. एवढ्या वजनाचा दगड गावात दुसरा नाही."

वस्ताद शिळेकडे बघत राहिले. पाटलांच्या पागोट्यातून पाणी गळत होतं. वस्ताद म्हणाले, "दुसरं काही बघा."

मागून चंद्राक्का आली, काखेत धाकटं पोर घेऊन.

"वस्ताद, रोज थट्टा केली, ती माझी चूक. पण ऐका. तुमचा माणूस रोज उन्हानं जातो आणि रोज येतो. माझी चार पाण्यानं गेली तर येणार नाहीत."

वस्तादांनी त्या पोराकडे पाहिलं. मग ते उठले.

गावातले सगळे गडी शिळेला भिडले. शिळा हलली नाही. वस्तादांनी सगळ्यांना मागे केलं. एका टोकाला स्वतः हात घातला, दुसरं टोक मोकळं ठेवलं. मग वाकून हळू म्हणाले, "जिन्नू, ऊठ. तिकडून घे."

आणि शिळा उचलली गेली. दोन्ही टोकांनी, सरळ, पाण्याच्या परातीसारखी.

दोघे पावसात बाहेर पडले. पुढच्या टोकाला कोणी दिसत नव्हतं. पण पाऊस तिथे एका माणसाच्या आकारानं अडत होता. डोकं, पाठ, एक खांदा उतरता. चिखलात पावलं उमटत होती, ती चार. गाव दोन्ही बाजूंनी उभं होतं. पाटलांनी पागोटं काढून हातात घेतलं, असं म्हणतात.

पाळेवर आल्यावर वस्ताद थांबले. पुढचं टोक आधी खिंडारात जाणार होतं. पुढचा गडी पाण्यात जाणार होता.

"फीर," वस्ताद म्हणाले. "तू मागं ये. मी जातो पुढं."

शिळा फिरली नाही. ती पुढेच चालली. वस्तादांना तिच्यामागे पाऊल टाकावं लागलं. मग ती हातातून सुटली आणि खिंडारात बसली, दार लागावं तशी. पाणी थांबलं. तलावावर एक मोठं वर्तुळ उठलं, सावकाश काठापर्यंत गेलं आणि मिटलं.

वस्ताद तिथेच उभे राहिले. त्यांचे हात अजून ओझं धरल्यासारखे होते. चंद्राक्कानं पोर खाली ठेवलं आणि ते हात धरून त्यांना घरी आणलं.

पुढे गावानं दुसरी शिळा आणून दिली. वस्तादांनी तिच्यावर जोर मारले. घाम पडला, माणूस उमटला. खांदे दोन्ही सारखे होते. वस्तादांनी पंचा घेतला आणि शिळा पुसली. मग ते हौदात उतरले. एक पैलवान समोर बोलावला आणि म्हणाले, "धर." त्यानंतर त्यांनी शेकडो पैलवान घडवले, प्रत्येकाला स्वतः धरून.

खूप म्हातारे होऊन वस्ताद गेले. तिरडी चौघांनी उचलली. वेशीपाशी मागच्या उजव्या कोपऱ्याचा खांदेकरी ओरडला, "माझ्या खांद्याला वजनच नाही!" तो भीत भीत बाजूला झाला. तिरडी झुकली नाही. तिघांनी ती स्मशानापर्यंत नेली आणि तो कोपरा सगळ्या वाटेनं सरळ राहिला, असं म्हणतात.

तेव्हापासून मांडुळवाडीत तिरडीला तीनच खांदेकरी लागतात. माणूस श्रीमंत असो, गरीब असो, तालमीचा असो नसो. मागचा उजवा कोपरा मोकळा सोडतात. बाहेरगावचा पाहुणा खांदा द्यायला पुढे झाला तर त्याच्या दंडाला धरून कोणीतरी हळू सांगतं, "तुम्ही मागून चला. तिथं माणूस आहे."