छाटून उरलं ते पूज्य

"या आकड्याचे चाळीस सारखे वाटे करा! बाकी उरता कामा नये. नाहीतर उद्यापासून तुमच्या गायरानात माझे हत्ती चरतील!"

एवढं फर्मावून राजा प्रचंडसेन मिशीला पीळ देत बसला. समोर लोंढेवाडीच्या चाळीस घरांची माणसं हात जोडून उभी. गायरान गेलं की गुरं गेली, गुरं गेली की चूल गेली. आणि आकडा तरी कोणता? सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस! वाड्याच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेला: ७३९३९१३३.

तो शोधला होता गुणाकरशास्त्र्यांनी. त्यापायी त्यांचं तारुण्य गेलं, दातही गेले.

"एक आणि तो स्वतः सोडला तर याला कशानेही भाग जात नाही!" शास्त्रीबुवा बोळक्या तोंडाने गरजले.

"आणि शेपटाचा आकडा छाटा," राजा म्हणाला, "उरलेल्यालाही भाग जात नाही! आणखी छाटा, तरी तेच! छाटत छाटत नुसता सात उरला तरी अभंग! हा आकडा म्हणजे मीच!"

"वाहवा!" दरबाऱ्यांनी माना डोलवल्या. त्यांतल्या निम्म्यांचे पाढे दहाच्या पुढे जात नव्हते; बाकीच्यांचे दहापर्यंत पोचत नव्हते.

गर्दीतून ठकू गवळण पुढे आली. काखेत शेणाची पाटी.

"सरकार, शेपटाकडून आम्ही छाटलं तर चालेल?"

"हवं तेवढं छाट! राजाचा शब्द आहे."

धप्प! ठकूने शेवटच्या तिनावर शेणाचा गोळा थापला.

"अभंग!" शास्त्री ओरडले.

धप्प! "अभंग!" धप्प! "अभंग!" असं करत भिंतीवर एकटा सात उरला. राजा खदखदून हसत म्हणाला, "हं, वाट आता सात चाळीस घरांत!"

धप्प! सातही गेला.

"काय उरलं, शास्त्रीबुवा?"

"पू... पूज्य," शास्त्री चाचरले. आपली भाषाही बेरकीच! शून्यालाही पूज्य म्हणायचं, सासऱ्यालाही पूज्यच लिहायचं.

"मग करा त्याचे चाळीस वाटे."

"प्रत्येकाला पूज्य."

"बाकी?"

"पूज्यच!"

राजा ताडकन उठला. "माझ्या आकड्याचं पूज्य केलंस? म्हणजे माझं?"

"रागावता कशाला, सरकार? आकडा म्हणजे मीच, असं तुम्हीच म्हणालात. तुमची राजवस्त्रं, मुकुट, मिशी, सगळं छाटत गेलं की शेवटी उरतं ते पूज्य! यात खोटं काय?"

वाहवा म्हणावं की जीभ चावावी, दरबाऱ्यांना कळेना. राजा आधी लाल झाला, मग जांभळा. मग त्याचं पोट गदगदा हलायला लागलं.

"अहो शास्त्रीबुवा, जन्मभर तुम्ही मला नुसतं अभंग म्हणत राहिलात! या बाईने एका सकाळीत पूज्य करून टाकलं!"

लोंढेवाडीला गायरान कायमचं मिळालं, ठकूला दोन दुभत्या म्हशी मिळाल्या, आणि शास्त्रीबुवांना मिळालं भिंतीवरचं शेण खरवडायचं काम!