रंगनाथने घराचा सेक्शन केला

एका गावात एक भोळा मुलगा होता. नाव रंगनाथ. नावातच रंग आहे म्हणून बापूंनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, त्याला तालुक्याच्या कॉलेजात चित्रकला आणि घरसजावटीच्या कोर्सला घातलं. नाव भीमराव असतं तर तालमीत घातलं असतं. बापूंचं सगळं असं सरळ होतं, आणि पोरगा बापूंपेक्षा सरळ होता.

रंगनाथचा हात चांगला होता. रेघ मारली की सरळ जायची. रंग भरला की रेघेबाहेर सांडायचा नाही. खोट एकच. त्याला जे सांगाल ते तो करायचा. अगदी सांगाल तसं. यात खोट कसली, असं तुम्हाला वाटेल. त्याच्या निंबाळकर मॅडमनाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं.

पहिल्याच वर्षाला तो दोनदा नापास झाला होता. तिसऱ्यांदा झाला तर कॉलेज नाव कमी करणार होतं. इकडे बापूंनी गावाच्या वेशीत पाटीसुद्धा ठोकून टाकली होती, ‘आमचेकडे घर आतून सजवून मिळेल.’ जाता-येता ती पाटी दिसली की रंगनाथ मान खाली घालून पुढे जायचा. बापू ही पाटी कुठल्या तोंडाने उतरवतील, या विचाराने त्याला जेवण जात नसे. म्हणजे तिसरी भाकरी जात नसे. दोन जायच्या.

या वर्षी मॅडम सांगतील ते शब्दन्‌शब्द पाळायचं, असं त्याने ठरवलं. तिथंच घात झाला.

पहिला प्रोजेक्ट वस्तुचित्राचा होता. मॅडमनी टेबलावर एक कळशी, तीन वांगी आणि मागे निळं कापड मांडलं. म्हणाल्या, “जे दिसतं तेच काढायचं. मनाचं काही घालायचं नाही.”

रंगनाथ शेवटच्या बाकावर होता. त्याच्या पुढे उदाजी पाटील बसला होता, आणि उदाजी कुस्ती खेळायचा. रंगनाथने मान खाली घालून तासभर काम केलं आणि चित्र नेऊन दिलं. चित्रात पट्ट्यापट्ट्यांच्या सदऱ्याची पाठ होती. खांद्याजवळ शिवण उसवली होती, तीही बरोबर आली होती.

“हे काय?”

“उदाजीचा सदरा, मॅडम.”

“आणि कळशी?”

“ती उदाजीच्या पलीकडं आसंल. मला दिसली न्हाई.”

“वांगी तरी?”

“वांगी बी तिकडंच आसतील.”

मॅडम स्वभावाने चांगल्या. त्या म्हणाल्या, “रंगनाथ, मध्ये काही येत असेल तर ते आधी बाजूला करायचं. मग बघायचं.”

“बरं मॅडम. पुढच्या वेळी तसंच करतो.”

आणि रंगनाथ शब्दाचा पक्का होता.

दुसरा प्रोजेक्ट होता आपल्या घराचा प्लॅन. मॅडमनी सांगितलं, “प्लॅन म्हणजे घर वरून बघितलं तर आत जसं दिसेल तसं काढायचं.”

रविवारी सकाळी रंगनाथ वही घेऊन छपरावर चढला. वरून बघितलं. कौलं दिसली. कौलं मध्ये येत होती. मध्ये आलेलं बाजूला करायचं असतं. त्याने एकेक कौल काढून नीट रचून ठेवायला सुरुवात केली.

खाली आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, “आज ऊन लवकर आलं बाई.”

मग न्हाणीवरची कौलं निघाली. बापू आंघोळ करत होते. त्यांनी डोळ्यांतला साबण पुसून वर बघितलं.

“रंग्या, कौलं का काढलीस?”

“प्लॅन काढतोय, बापू. वरनं बघायचं आसतंय.”

“मग मी काय करू?”

“मान खाली घाला. वरनं तोंड दिसत न्हाई.”

बापूंनी मान खाली घातली. पोराच्या शिक्षणाच्या आड यायचं नाही, हे त्यांनी पहिल्यापासून ठरवलं होतं. चित्र पुरं होईस्तोवर ते तसेच बसले. पाणी गार झालं, तरी ते हलले नाहीत.

मॅडमनी प्लॅन बघितला. न्हाणीत एक गोल होता आणि गोलात आणखी एक लहान गोल.

“हे काय?”

“बापू. आतलं टक्कल.”

मॅडमना सगळी हकीकत कळली. त्यांनी कपाळाला हात लावला. “अरे, छप्पर खरंच काढायचं नसतं. काढलंय असं धरून चालायचं. आपल्या कामात हे फार लागतं. वस्तू नसली तरी ती आहे असं धरून चालायचं.”

“बरं मॅडम. पुढच्या वेळी तसंच करतो.”

तिसरा प्रोजेक्ट खुर्चीचा. तपासायला स्वतः प्राचार्य आले. पोरापोरींनी वेताच्या, बांबूच्या, पत्र्याच्या खुर्च्या मांडल्या होत्या. रंगनाथने फरशी स्वच्छ पुसून ठेवली होती आणि तो शेजारी हात बांधून उभा होता.

“तुझी खुर्ची?”

“ही काय, सर. बसा की.”

प्राचार्य इतिहासाचे. चित्रकलेतलं त्यांना ओ की ठो कळत नसे, आणि ते कुणाला कळू नये याची त्यांना फार काळजी असे. मागे एका प्रदर्शनात भिंतीवरच्या विजेच्या मीटरची त्यांनी बराच वेळ स्तुती केली होती. त्यांनी मोकळ्या जागेकडे मान वाकडी करून बघितलं.

“कशाची केलीस?”

“सागवानाची धरून चाला, सर.”

“पॉलिश चांगलं झालंय,” प्राचार्य म्हणाले आणि बसले.

त्यांना उठवायला चौघं लागले. त्यातला एक उदाजी होता म्हणून चौघांत भागलं. जमिनीवर असतानाच प्राचार्य म्हणाले, “जरा बुटकी आहे.”

मॅडम रंगनाथला बाजूला घेऊन गेल्या. “रंगनाथ, माणूस जे वापरणार ते खरंच असावं लागतं. आणि जो वापरणार, त्याच्या अंगाचं माप घेऊन करायचं. अंगाचं. कळलं?”

“कळलं मॅडम. पुढच्या वेळी तसंच करतो.”

चौथा प्रोजेक्ट होता कॉलेजच्या ऑफिसला पडदा. आता ऑफिसची खिडकी रोज उघडणार कोण, लावणार कोण? शिपाई श्रीपतीमामा. रंगनाथ श्रीपतीमामांना घेऊन शिंप्याकडे गेला. छाती मोजली, खांदा मोजला, हात मोजले.

शिंप्याने टेप गळ्यात अडकवला. “पडदा हाय न्हवं? मग त्येला बाह्या कशाला?”

“श्रीपतीमामांना हात हाईत म्हणून.”

शिंप्याने बाह्यांचंही माप वहीत टिपून घेतलं. खरंच होते त्यांना हात.

हिरव्या फुलाफुलांचा पडदा खिडकीत लागला. कॉलर, दोन बाह्या, छातीवर खिसा. वारा आला की पडदा हात हलवायचा. रस्त्याने जाणाऱ्या एका म्हाताऱ्याने त्याला रामराम घातला आणि उत्तर आलं नाही म्हणून तो प्राचार्यांकडे तक्रार घेऊन आला. श्रीपतीमामांनी पडदा काढून अंगात घालून बघितला. तो इतका बरोबर बसला की त्यांनी परत दिलाच नाही.

मॅडम आता हळू बोलायला लागल्या होत्या. आजाऱ्याशी बोलतात तसं. “बाळ, माप माणसाचं नाही घ्यायचं. जागेचं घ्यायचं. आणि जागेत मावलं नाही तर जास्तीचं कापून टाकायचं.”

“बरं मॅडम. पुढच्या वेळी तसंच करतो.”

मॅडमनी डोळे मिटून घेतले.

मग आला वर्षाचा शेवटचा मोठा प्रोजेक्ट, कपाट. यावर पास की नापास ठरणार होतं. रंगनाथने अंगणात बसून कपाट केलं. खरं सागवान आणलं, खण केले, कप्पे केले, दारं अशी बसवली की बोटाने ढकलली तरी आवाज न करता मिटावीत. मॅडम मुद्दाम गावात येऊन बघून गेल्या. त्यांना भरून आलं. या पोरासाठी त्या वर्षभर सगळ्यांशी भांडल्या होत्या.

“हे तू केलंस?”

“व्हय, मॅडम.”

“छान केलंस. आता काहीही करू नकोस. परीक्षेच्या दिवशी हॉलमध्ये तुझ्या जागेवर नेऊन ठेव. बास.”

परीक्षेच्या दिवशी कपाट ट्रॉलीतून हॉलमध्ये आलं. फरशीवर खडूने प्रत्येकाची जागा आखली होती. रंगनाथने कपाट ठेवलं. कपाट खडूच्या रेघेबाहेर आलं. चांगलं निम्मं आलं. त्याने जागा मोजली, कपाट मोजलं आणि करवत काढली.

मॅडम पोचल्या तेव्हा कपाटाचा पुढचा निम्मा भाग दारं, कड्या, कुलपासकट हॉलच्या बाहेर पडला होता आणि मागचा निम्मा खडूच्या रेघेत तंतोतंत मावला होता. मॅडम मटकन खाली बसल्या. श्रीपतीमामा त्यांना धरून पाणी पाजायला बाहेर घेऊन गेले. त्यामुळे पुढचं त्यांना ऐकायला मिळालं नाही, आणि ते ऐकायला त्या असत्या तर ही गोष्ट इथंच संपली असती.

कारण तेवढ्यात शहरातून आलेले परीक्षक आत आले. प्रभुदेसाई सर. मोठं नाव, जाड चष्मा, आणि एक रेघ चुकली तरी नापास करणारे म्हणून प्रसिद्ध. ते कपाटासमोर थांबले. आतले कप्पे, खणांची खोली, फळ्यांची जाडी, लाकडात लाकूड कसं अडकवलंय, सगळं उघडं दिसत होतं.

“वा,” सर म्हणाले. त्यांनी सगळ्या पोरांना बोलावलं. “बघा. याला म्हणतात सेक्शन. मधोमध कापायचं, पुढचं अर्धं काढून टाकायचं, आत काय आहे ते लोकांना दिसलं पाहिजे. तुम्ही नुसत्या कागदावर रेघा मारता. या मुलाने प्रत्यक्ष करून दाखवलं.”

रंगनाथला सगळ्या पोरांसमोर कुणी चांगलं म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. मॅडमनी सांगितलं होतं, खरंच करायचं नसतं. पण सर मॅडमपेक्षा मोठे होते.

“मी पास का, सर?”

“अजून नाही. वस्तूचा सेक्शन झाला, घराचा राहिला. तोही असाच करून आण. मग पास.”

“कुठल्या घराचा?”

सर खुशीत होते. “माझ्याच घराचा कर. वीट न्‌ वीट मला पाठ आहे. एक रेघ चुकली तर मला कळेल, आणि कळलं तर नापास.”

रंगनाथने जरा विचार केला. “आणायला जड जाईल, सर.”

“मग तिथंच ठेव. मी इथल्या परीक्षा संपवून आलो की बघतो.” सर हसले. पोरात विनोदबुद्धीही आहे, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी रंगनाथ गावातल्या संपतला आणि त्याच्या जेसीबीला घेऊन शहरात गेला. सरांच्या बायकोने दार उघडलं.

“काकू, सरांनी पाठवलंय. घराचा सेक्शन करायचाय.”

काकूंनी सरांना फोन लावला. “अहो, सेक्शन करायला कुणी मुलगा आलाय. करू देऊ का?”

“कर म्हणावं,” सर फोनवर म्हणाले. “हुशार पोरगा आहे. तू त्याच्या मध्येमध्ये जाऊ नकोस.”

काकूंनी फोन ठेवला. “धूळ होईल का रे?”

“थोडी व्हईल, काकू.”

काकूंना धुळीचा त्रास होता. त्या बहिणीकडे राहायला गेल्या.

संपतने घराकडे बघून डोकं खाजवलं. “निम्मंच पाडायचं?”

“पाडायचं न्हाई, संपतदादा. काढायचं. रेघ मारून देतो, रेघेपतोर या.”

त्या दिवसांत रंगनाथने जेवढी मेहनत केली तेवढी जन्मात केली नव्हती. तिसरीच काय, दुसरी भाकरीही जाईना. एक रेघ चुकली तर संपलं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्याने ओळंबा लावून कापलेल्या भिंती सरळ रेघेत आणल्या, टोकं घासली, आणि सेक्शनमध्ये कापलेला भाग काळा दाखवतात म्हणून सगळ्या कापलेल्या भिंतींच्या कडा काळ्या रंगाने भरून काढल्या.

शनिवारी संध्याकाळी सर रिक्षातून उतरले. घरासमोर अख्खी गल्ली जमली होती. वरच्या मजल्यावर सरांचा पलंग आणि मच्छरदाणी दिसत होती. खाली झोपाळा होता. जिना होता. स्वयंपाकघरातले डबे ओळीने दिसत होते, आणि न्हाणीघरात सरांचे तीन बनियन वाळत होते. गल्लीतली पोरं ते मोजत होती.

रंगनाथ धुतलेला सदरा घालून पुढे आला.

“बघा, सर. एक तरी रेघ चुकलीय का?”

सर कडक होते, पण खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. पायऱ्यांची उंची बरोबर होती. भिंतींची जाडी बरोबर होती. छताची गळती कुठून सुरू होते, तेही दिसत होतं. घराचा पायासुद्धा दिसत होता, आणि तो बांधणाऱ्याने सांगितला होता त्याच्या निम्मा होता. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“नाही,” ते म्हणाले. “चूक नाही.”

“मग मी पास?”

सरांचा आवाज फार लांबून आल्यासारखा आला. “पास.”

रंगनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. तो सरांच्या पायाच पडला. सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणजे आधाराला ठेवला, आणि अगदी हळू विचारलं, “रंगनाथ, बाळ, घराचं पुढचं अर्धं कुठं आहे?”

“ते ओढ्यात टाकलं, सर,” रंगनाथ म्हणाला. “सेक्शनमध्ये ते दाखवत न्हाईत.”